सिलिंडर खालून येतो

दर पंधरवड्याला आरिकाहून ट्रक येतो.
समुद्र मागे टाकून साडेतीन हजार मीटर चढतो,
वाटेत दोनदा थांबतो, इंजिनाला पाणी पाजतो.
त्यात बटाटे असतात, डिझेल, कुणाच्या तरी लग्नाची बिअर,
आणि आमच्या प्रयोगशाळेसाठी
उभे बांधलेले चार सिलिंडर.
हवा. विकत घेतलेली.

पुत्रे गावात हवा फुकट आहे, पण विरळ.
ताकात पाणी घालत जावं, घालत जावं
आणि वाटी मात्र भरलेलीच दिसावी, तशी.

एदुविहेस तार्कीची मेंढी गाभणपणाचे पाचही महिने इथेच चरली.
कोकरू त्याच पाणचट ताकावर वाढलं.
मंगळवारी जन्मलं. गुरुवारी गेलं.
बाईनं ते पट्ट्यापट्ट्यांच्या शालीत बांधून आणलं,
टेबलावर ठेवलं, म्हणाली,
"बघा आत काय ते. कातडं मात्र परत द्या."

मी फुप्फुसातली धमनी सोडवली.
तिचं दोन मिलिमीटरचं कडं कापलं,
केसाहून बारीक दोन तारांवर ओवलं
आणि खारट, कोमट पाण्यात सोडलं.
बाई चाती फिरवत उभीच राहिली.
तार किती ताणायची, हे तिला माझ्याआधी कळलं.
"बास," म्हणाली, "आता तुटेल."

भिंत जाड होती.
आत सुईपुरती वाट.
समुद्राकाठच्या कोकराचं कडं
औषधाचा थेंब पडला की आकसतं, मग विसरून जातं.
हे आकसलं ते आकसलंच.
पडद्यावरची रेघ वर गेली आणि खाली यायचं नाव घेईना.

पोटात असताना ही वाट मिटलेली असते,
पहिल्या श्वासाला उघडायची असते.
याला कुणी सांगितलं नसेल.
किंवा सांगितलं असेल,
आणि यानं पाच महिने जे ऐकलं
त्यावरच विश्वास ठेवला.

"लामाच्या पिल्लाचं असं होत नाही," बाई म्हणाली.
नाही होत. मी सांगितलं तिला :
बंद खोलीत कोळशाची शेगडी माणसं मारते ना,
त्याच वायूची चिमूटभर मात्रा
लामाच्या पिल्लाची शीर स्वतःच बनवते,
आणि सैल होते.
चाती थांबली.
"आमचा धाकटा दीर त्यानंच गेला. झोपेत."
मग बऱ्याच वेळानं :
"लामा इथलाच. मेंढ्या बोटीतून आल्या.
पाचशे वर्षांत पाहुणा घरचा होत नाही का?"
याचं उत्तर माझ्या वहीत नव्हतं.

"आणि हे बुडबुडे कसले?"
प्राणवायूचे. सतत सोडावे लागतात,
नाहीतर कडं मरतं, मोजता येत नाही.
"कुठून आणता?"
खालून. सिलिंडरमधून.

ती वाकली. काचेला नाक लागेल इतकी.
बुडबुडे वर येत होते, कड्याला घासून फुटत होते,
समुद्राकाठची दाट, सायीसारखी हवा.
"म्हणजे आता मिळतेय त्याला," ती म्हणाली.

मी दुसरं औषध टाकलं, सैल करणारं.
नऊ मिनिटं.
रेघ थोडी उतरली, अर्ध्यावर अडली.
मी आकडा लिहिला. तारीख लिहिली.
"कोकरू, नर, वय दोन दिवस" लिहिलं.
नावाचा रकाना आमच्याकडे नसतो.

कातडं घडी घालून तिनं काखेत मारलं.
खिडकीतून पाहिलं तर ती घराकडे वळली नव्हती,
ट्रकपाशी उभी होती.
अनाक्लेतो रिकामे सिलिंडर चढवत होता,
ते आपसांत आपटून पोकळ वाजत होते.

"परत जाताना रिकामाच जातोस ना?"
"जवळजवळ."
"गाभण मेंढ्या किती मावतील?"
अनाक्लेतोनं टोपी मागे सारली,
ट्रकच्या हौद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.
"निजल्या तर सहा," तो म्हणाला.
"पण खाली त्यांना राखणार कोण?"